मास्तरांच्या मुंग्या

मास्तरांचा सुयांशी चाळीस वर्षांचा संसार. हातशिलाईच्या, मशीनच्या, काजाच्या, जाड कापडाच्या, सगळ्या जातीच्या सुया त्यांच्या बोटांखालून गेलेल्या. पण या संसारात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरलेली होती: सुईचं टोक कायम दुसऱ्या बाजूला. त्यामुळे दवाखान्यातली सिस्टर जेव्हा म्हणाली, "शर्ट वर घ्या, पोटावर द्यायचंय," तेव्हा मास्तरांचा चेहरा नव्या कोऱ्या कॉलरसारखा पांढरा आणि ताठ झाला.

"सुई कितव्या नंबरची?" त्यांनी विचारलं. तेवढाच वेळ काढायचा.

"सगळ्यात बारीक."

"बारीक म्हणजे कशी? रेशमाची की मलमलीची?"

"पोटाची," सिस्टर म्हणाली आणि तिनं कापसानं जागा पुसली.

टोचलं कधी ते मास्तरांना कळलंच नाही, कारण त्याच्या आधीच त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकली होती. डोळे उघडले तेव्हा बायको फाईलनं वारा घालत होती.

"झालं?"

"झालं."

"टाका सरळ आला ना?" असं विचारून मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले.

या पोटावरच्या सुईपर्यंत मास्तर आले ते पाठीच्या वाटेनं. पाठ दुखायची. आता शिंप्याची पाठ दुखते, यात कुणाला काय नवल? जन्मभर वाकून बसणारा माणूस तो. पण एके दिवशी इस्त्री उचलताना कट् आवाज आला आणि बरगडी मोडली. "इस्त्री उचलून बरगडी मोडली?" हाडांचे डॉक्टर म्हणाले, आणि औषधाच्या चिठ्ठीऐवजी रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि शेवटी मास्तर रक्ताच्या कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर येऊन बसले. बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. हाडांच्या आत मगज असतो, तिथं रक्त तयार होतं, आणि तिथल्याच एका जातीच्या पेशी बेबंद वाढल्यात, हाडं पोखरतायत, असं त्यांनी समजावून सांगितलं. "मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. पण चांगला दाबून ठेवता येतो. वर्षानुवर्षं. आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत गोळ्या."

बायकोनं वहीत लिहून घेतलं.

बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. तीस वर्षं काज करणं, बटणं लावणं, पट्टी उलटून हातानं टाचणं ही कामं त्यांची. मशीनला मात्र हात लावायची सोय नव्हती. "मशीनला दोन माणसांचे हात लागले की टाका बिघडतो," हे मास्तरांचं ठाम मत. हे त्यांना कुणी सांगितलं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मास्तर शुद्धीवर आल्यावर सिस्टरनं दोघांना समोर बसवून नियम सांगितले. सुईची जागा दर वेळी बदलायची, आधीच्या जागेपासून निदान इंचभर लांब. लाल झालेल्या, दुखऱ्या किंवा घट्ट झालेल्या जागी पुन्हा द्यायचं नाही. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं. घामानं, उलटीनं खराब झालेले कपडे हातमोजे घालून उचलायचे आणि वेगळे धुवायचे. ताप शंभराच्या वर गेला तर घरी गोळी घेऊन बघत बसायचं नाही, आधी फोन. हातापायाला मुंग्या आल्या, बधिरपणा आला तर सांगायचं. आणि आम्हाला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध, काढा, चूर्ण काहीही पोटात जाता कामा नये.

मास्तरीणबाईंनी सगळं लिहिलं. मास्तरांच्या कानात एकच शब्द शिरला: इंच.

घरी येऊन त्यांनी खाकी कागद अंथरला, फीत काढली आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटाचं माप घेतलं. मग कागदावर पोट आखलं, कापलं, बेंबीच्या जागी गोल भोक पाडलं. डावी बाजू, उजवी बाजू, इंचाइंचावर खुणा, प्रत्येक खुणेला आकडा. एखाद्या बड्या साहेबाच्या कोटाचं कटिंग करावं तसं.

पुढच्या बुधवारी मास्तर दवाखान्यात गेले ते खडूनं आखलेलं पोट घेऊन. सिस्टरनं शर्ट वर केला आणि बघतच राहिली.

"हे काय?"

"दोन नंबरला द्या. एक नंबर मागच्या वेळी झाला."

"आणि हा खडू कुठला?"

"कापडाचा. निळा. धुतला की जातो."

"सुई जिथं जाणार तिथं खडू? मास्तर, हे पोट आहे, पॅन्ट नाही." तिनं सगळी आखणी ओल्या कापसानं खरडून पुसली. मास्तरांना फार लागलं. मग त्यांनी मुकाट्यानं पिशवीतून कागद काढला. सिस्टरनं तो त्यांच्या पोटावर ठेवला, बेंबी जुळवली, आणि हसू दाबत म्हणाली, "हं. हे मात्र बरं आहे. हे फाईलला लावते."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. एकच कुरबूर राहिली. सिस्टर दर बुधवारी मास्तरांना नाव आणि जन्मतारीख विचारायची. मग दुसऱ्या सिस्टरला बोलावून बाटलीवरचं लेबल आणि फाईल मोठ्यानं वाचून दाखवायची.

"मागच्या आठवड्यात सांगितलं की!"

"आज पुन्हा सांगा."

"तोंड बघून ओळखत नाही का तुम्ही?"

"तोंड ओळखते हो. पण बाटलीला तुमचं तोंड कुठं ठाऊक आहे?"

त्यात गंमत अशी की मास्तरांचं कागदावरचं नाव चाळीस वर्षांत कुणी घेतलंच नव्हतं. एका बुधवारी बाहेर तीनदा पुकारा झाला, आणि मास्तर "कोण बेजबाबदार माणूस आहे हा, उठत का नाही?" असं म्हणत इकडं तिकडं बघत बसले. शेवटी मास्तरीणबाईंनी कोपरानं ढोसलं तेव्हा उठले. त्यानंतर नावाची कुरबूर थांबली. कात्री चालली की कापड परत जोडता येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाटलीतलं औषधही तसंच, एकदा आत गेलं की गेलं, हे त्यांना पटलं.

घरी मास्तरीणबाईंचा कारभार कडक. दोनदा पाणी सोडलं का, हे त्या बाहेर उभ्या राहून कानांनी मोजायच्या. पहिल्या आठवड्यात तर त्यांनी हातमोजे घालूनच चहाचा कप पुढं केला.

"अगं, मी काय करंट मारतो का?"

त्यांनी वही उघडून बघितली, फोन केला, आणि सिस्टरनं सांगितलं की बाई, जवळ बसा, हात धरा, एका ताटात जेवलात तरी चालेल. हातमोजे फक्त घाण उचलताना आणि ते कपडे धुताना. मास्तरीणबाईंनी मोजे काढले आणि मास्तरांच्या कपाळाला हात लावून बघितला. तापासाठी, असं त्या म्हणाल्या.

बुधवार आणि गुरुवार हे गोळ्यांचे दिवस. त्या गोळ्या पोटात गेल्या की मास्तरांच्या अंगात वारं शिरायचं. एका गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी घरातले सगळे पडदे उतरवून पुन्हा शिवले, उशांना झालर लावली आणि रेडिओला अस्तराचं झाकण शिवलं. मग भूक लागली म्हणून चिवड्याची संपायला आलेली बरणी शोधत स्वयंपाकघरात शिरले. शुक्रवारी मात्र फुग्यातली हवा गेल्यासारखे पडून राहायचे.

इथवर सगळं सरळ शिलाईत चाललं होतं. मग दादा आले.

दादा म्हणजे मास्तरीणबाईंचे थोरले भाऊ. विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात डोकावून आकडे लिहिले, ती सवय सुटत नव्हती. त्यांना न कळणारा विषय अजून जन्माला यायचा होता. ते आले ते हिरव्या चहाची मोठी पेटी आणि संत्र्याच्या रंगाच्या गोळ्यांची बाटली घेऊन.

"हा चहा दिवसातून तीनदा. या गोळ्या सकाळ-संध्याकाळ. व्हिटॅमिन सी. प्रतिकारशक्ती अशी वाढेल की रोग स्वतः पत्ता विचारत पळेल."

"दवाखान्यात विचारून..." मास्तरीणबाईंनी सुरुवात केली.

"चहाला काय विचारायचं? उद्या पाण्याला विचारशील! पाला आहे साधा. केला नाही फायदा तर नुकसान तरी काय करणार?"

मास्तरांना त्या चहाची चव झाडूच्या पाण्यासारखी लागली. पण बायकोचा थोरला भाऊ; नाही कसं म्हणायचं? शिवाय दादा रोज सकाळी यायचे आणि कप रिकामा होईपर्यंत समोर बसायचे. मीटरचा काटा बघावा तसे कपाकडे बघत. मास्तरीणबाईंच्या मनात खुटखुट होती, पण मास्तर म्हणाले, "चहाच आहे, राहू दे. उगीच दादांचं मन कशाला मोडायचं?" आणि तेवढी एक ओळ मास्तरीणबाईंनी वहीत लिहिलीच नाही.

तिसरा महिना लागला आणि मास्तरांच्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आधी त्यांना वाटलं, पाय अवघडला असेल. मग मुंग्या तळपायात पसरल्या. मग हातांच्या बोटांच्या टोकांवर आल्या. सुईत दोरा ओवायला पूर्वी त्यांना बघावंही लागत नसे. आता चार चार वेळा दोरा सुईच्या बाजूनं जायचा. ते दुकानाच्या दाराकडं पाठ करून ओवायचे आणि कुणी आलं की "आजकाल दोऱ्यात दम नाही" म्हणायचे.

बुधवारी सिस्टरनं नेहमीप्रमाणे विचारलं, "हातापायाला मुंग्या?"

"मुंग्या? छे! आमच्या घरात साखरेचा डबा घट्ट लावलेला असतो."

सिस्टर हसली आणि तिनं पुढचा प्रश्न विचारला. पुढच्या बुधवारी तोच विनोद झाला. त्याच्या पुढच्या बुधवारी सिस्टर हसली नाही, "नक्की?" म्हणाली. मास्तर तिच्याऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "नक्की."

विनोदाच्या अस्तराखाली साधी भीती होती. मास्तरांनी मनाशी हिशेब असा मांडला होता: मुंग्या सांगितल्या की इंजेक्शन बंद. इंजेक्शन बंद की रोग मोकाट. त्यापेक्षा बोटं झोपली तर झोपू देत. आणि दुसरी गोष्ट त्यांनी मनाशीही नीट उच्चारली नव्हती. बोटं गेली असं एकदा तोंडानं म्हटलं, की मास्तर या शब्दात उरतं काय?

एका संध्याकाळी ते दोऱ्याची रिळं आणायला गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.

"दुसरी कुठं गेली?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांना तोवर पत्ताच नव्हता. "कुत्र्यानं नेली," ते म्हणाले.

"पायातून?"

"चपळ होतं."

मास्तरीणबाईंनी उरलेली चप्पल उचलून दाराआड ठेवली. त्यांचं असं न भांडणं ही चांगली खूण नव्हे, हे तीस वर्षांत मास्तरांना कळायला हवं होतं.

त्याच शनिवारी वकीलसाहेबांच्या कोटाची ट्रायल होती. वकीलसाहेब म्हणजे गल्लीतलं सगळ्यात रुंद गिऱ्हाईक. कोर्टात मोठी केस उभी राहणार होती आणि त्यांना नवा काळा कोट अंगावर हवा होता. कच्च्या टाक्यांचा कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले. मास्तर मागं उभे राहून पाठीची शिवण आवळून कच्चे टाके घालत होते. तोंडात टाचण्या, हातात सुई. आठ-दहा टाके घालून त्यांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "हं, आता वळून बघा साहेब."

वकीलसाहेब उजवीकडं वळले. मास्तरही वळले. वकीलसाहेब डावीकडं वळले. मास्तर डावीकडं गेले.

"मास्तर, कुठं आहात?"

"इथंच आहे, साहेब. तुमच्या मागं."

"मग समोर या की."

"येतोय, पण तुम्ही थांबत नाही."

वकीलसाहेब त्यांना शोधायला पूर्ण गर्रकन फिरले, आणि मास्तर गाडीला बांधलेल्या डब्यासारखे त्यांच्या मागोमाग फिरले, वाटेत टेबलावरचा बटणांचा डबा उडवत. मास्तरांनी आपल्याच शर्टाची बाही कोटाच्या पाठीला शिवून टाकली होती. आठ टाके, दुहेरी दोरा, अगदी पक्के.

आवाज ऐकून मास्तरीणबाई आतून आल्या. दुकानभर बटणं घरंगळतायत, वकीलसाहेब "हा माझ्यावर हल्ला आहे का?" असं विचारतायत आणि नवरा त्यांच्या पाठीला लोंबतोय, हे बघून त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरही हसू लागले, वकीलसाहेबही. कात्री घेऊन त्या टाके कापायला पुढं झाल्या, आणि बाही सोडवता सोडवता त्यांचं हसू थांबलं.

"अहो. टाचणी."

"कुठली?"

"बोटातली."

डाव्या हाताच्या तर्जनीत टाचणी डोक्यापर्यंत रुतली होती. रक्ताची बारीक धार मनगटापर्यंत आलेली. मास्तर अजून हसतच होते. त्यांनी बोटाकडं बघितलं, एखाद्या परक्या माणसाच्या बोटाकडं बघावं तसं, आणि मग त्यांचंही हसू गेलं.

वकीलसाहेब कोट काढून ठेवून निघून गेले. मास्तरीणबाईंनी टाचणी काढली, बोट धुतलं, कापूस दाबून धरला. बराच वेळ दाबून धरावा लागला. मग दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

"काय?"

"मला साखरेच्या डब्याचं सांगू नका."

मास्तर कटिंगच्या टेबलाकडं बघत राहिले. "पाच आठवडे झाले. सहा असतील."

"आणि मी दर बुधवारी शेजारी बसलेली असताना तुम्ही त्या पोरीला नाही म्हणालात!"

"बंद केलं असतं त्यांनी इंजेक्शन. मग?" मास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला अजून जगायचंय गं."

मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती तिथून तशीच डोळ्यांत उतरली. त्यांनी पदरानं नाक पुसलं, वही उघडली आणि वहीच्या पहिल्या पानावरचा नंबर फिरवला. ताप आहे का, चालता येतंय का, तोल जातो का, रक्त थांबलं का, असं सगळं तिकडून विचारलं गेलं. रक्त पुन्हा वाहिलं किंवा ताप आला तर लगेच या, नाहीतर सोमवारी सकाळी दोघंही, बुधवारची वाट बघू नका, असं सांगितलं गेलं. "आणि घरात जे जे म्हणून घेतात ते सगळं पिशवीत घालून आणा," सिस्टर म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांच्या टेबलावर मास्तरीणबाईंनी पिशवी उलटी केली. लिहून दिलेल्या गोळ्या, अंगदुखीचं मलम, आणि शेवटी हिरव्या चहाची पेटी आणि संत्र्याच्या रंगाची बाटली. डॉक्टरांनी बाकी सगळं बाजूला सारलं आणि या दोनच गोष्टी समोर घेतल्या.

"हे किती दिवस?"

"दोन महिने," मास्तर म्हणाले. "चहाच आहे तो. पाला."

"पाला खराच. पण तुमच्या इंजेक्शनमधलं औषध जिथं जाऊन चिकटायला हवं, तिथं पोचायच्या आत हा पालाच त्याला धरून बसण्याची शक्यता असते. या जादा व्हिटॅमिनचंही तसंच. एरवी कुणी घेतलं तर हरकत नाही. या औषधाबरोबर नको."

मास्तरांनी आ वासला. "म्हणजे मी बुधवारी पोटात टोचून घ्यायचं आणि गुरुवारी पिऊन घालवायचं?"

"कितपत घालवलंत ते रक्ताच्या तपासणीत दिसेल. बंद करा. आता हात दाखवा."

डॉक्टरांनी कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला, तळपायांवरून फिरवला, डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला. मास्तरांनी दहापैकी सहा वेळा चुकीचं उत्तर दिलं. वर म्हणजे खाली, खाली म्हणजे माहीत नाही.

"आता बंद करणार ना?" मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"कशाला बंद करू? या आठवड्याचं पुढं ढकलू, थोडा आराम देऊ. मग मात्रा कमी करून पुन्हा सुरू. मुंग्या लवकर कळल्या तर एवढ्यानं भागतं. लपवल्या तर मात्र एक दिवस खरंच बंद करायची पाळी येते. मास्तर, मी जी मात्रा देते ती तुम्ही सांगता त्यावरून बेतते. माझ्याकडं दुसरं माप नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. चाळीस वर्षांत एका जातीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. माप देताना श्वास ओढून पोट आत घेणारी. फीत सोडली की ही पोट सोडणार, आणि आठ दिवसांनी बटण लागत नाही म्हणून मास्तरांच्या नावानं खडे फोडणार. आज आपण त्याच रांगेत उभे आहोत, हे त्यांना कुणी न सांगता उमगलं.

"पाच आठवडे मी पोट आत ओढून बसलो होतो, डॉक्टर," ते म्हणाले.

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. पोट दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. मास्तरीणबाईंना मात्र कळलं.

बाहेर सिस्टर होती. मास्तर तिच्यासमोर शाळकरी मुलासारखे उभे राहिले. "साखरेच्या डब्याचं खोटं होतं."

"मला तिसऱ्यांदाच संशय आला होता," ती म्हणाली. "आता दर बुधवारी तुमच्याकडून शर्टाचं एक बटण लावून-काढून घेणार. तोंडावर माझा विश्वास नाही."

राहता राहिले दादा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, हात पुढं करून कप मागितला, कप आला नाही. मास्तर घसा खाकरत राहिले, शेवटी मास्तरीणबाईच म्हणाल्या, "दादा, तुझा चहा आमच्या औषधाशी भांडतो. डॉक्टरांनी सांगितलंय."

दादा ताडकन उठले. "माझा चहा? दोन महिने मी इथं येऊन..." आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा उतरला. मीटर उलटा वाचलाय हे अख्खी गल्ली हिंडून झाल्यावर लक्षात यावं, तसे ते खाली बसले. "म्हणजे मी रोज येऊन... स्वतःच्या हातानं..."

"तुम्ही मायेनं दिलंत," मास्तर म्हणाले.

"मायेनं दिलं म्हणून विष अमृत होतं का?" दादा ओरडले, आणि मग हलक्या आवाजात, "तपासणीत काय निघालं?"

तपासणी चार दिवसांनी आली. रोगाचा आकडा खाली आला होता. हवा होता तेवढा नाही, पण आला होता. दादांनी तो कागद तीनदा वाचला. तेव्हापासून त्यांनी बाजूच पालटली. नियमांची नक्कल करून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली. सकाळी फोन करून ताप विचारायचे, मास्तरांनी आकडा सांगितला की "नक्की? थर्मामीटर झटकला होता ना?" एकदा मास्तरांना खोकला आला तर दादांनी मास्तरांच्या आधी दवाखान्यात फोन केला. सिस्टरनं मास्तरीणबाईंना विचारलं, "त्यांचे फोन बंद करायचं काही औषध आहे का?"

प्रश्न उरला वकीलसाहेबांच्या कोटाचा. केस दहा दिवसांवर आली होती. मास्तर कटिंग करू शकत होते. कात्री मोठी, हात सवयीचा. पण बाही बसवणं हे बोटांच्या टोकांचं काम, आणि टोकं झोपलेली.

"मी बसते मशीनवर," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"दोन हात लागले की टाका..."

"बिघडू दे. माझ्या टाक्यानं निदान गिऱ्हाईक शिंप्याला चिकटत नाही."

त्या बसल्या. मास्तर शेजारी स्टुलावर. पहिल्या दिवशी मास्तरांनी इतक्या सूचना दिल्या की त्यांनी मशीन थांबवून त्यांना भाजी आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी बाही बसवली, मास्तरांनी ती उसवायला लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उसवली. चौथ्या दिवशी मास्तरांनी उसवायला सांगितलं नाही. खांद्याची गोलाई हातात घेऊन, उजेडात धरून, उलटून सुलटून बघत राहिले. त्यांना बोटांनी काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ती गोलाई गालाला लावून बघितली.

"कुठं शिकलीस?"

"तीस वर्षं समोर बसून. डोळे काय काज करत नव्हते."

वकीलसाहेब आले. कोट अंगात घातला, बटण लावलं, हात वर केले, खाली केले. आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि जरा घाबरतच मागंही बघितलं.

"वा! मास्तर, वा! बाही अशी बसलीय की अंगाला जाणवतच नाही. तब्येत बिघडली म्हणे, पण हात तोच आहे तुमचा. हा हात दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

मास्तरीणबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी खाली वाकून एक न पडलेलं बटण शोधायला सुरुवात केली.

मास्तरांच्या तोंडाशी 'धन्यवाद साहेब' आलं होतं. चाळीस वर्षांची सवय. आपोआप येतं ते. त्यांनी ते गिळलं. गिळायला वेळ लागला.

"बाह्या हिनं लावल्यात, साहेब. कॉलरही. माझं फक्त कटिंग."

"असं?" वकीलसाहेबांनी पुन्हा आरशाकडं तोंड केलं, डोळे बारीक केले, एक खांदा वर केला. "तरीच. नाही, म्हणजे छान आहे, पण डावी बाही जरा..."

"जरा काय?" मास्तर स्टुलावरून उठले.

"किंचित ओढल्यासारखी..."

"आत्ता दोन मिनिटांपूर्वी ती अंगाला जाणवत नव्हती! माझी होती तेव्हा मलई, आणि बायकोची झाली की ओढते? तुम्ही कोर्टात साक्षीदाराला हेच करता का? श्वास सोडा आधी! सोडा! पोट आत घेऊन उभे आहात तुम्ही, म्हणून ओढतेय!"

वकीलसाहेबांनी श्वास सोडला. पोट खाली आलं, कोट सैल झाला, डावी बाही सरळ रेषेत उतरली.

"बसली," ते ओशाळून म्हणाले.

"बसलेलीच होती," मास्तर म्हणाले, आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "अगं, साहेबांचा कोट घडी करून दे. आणि पुढच्या पॅन्टचं माप तूच घे. मला जायचंय, बुधवार आहे आज."